ऑफिसचं नेट पुन्हा पुन्हा अडतंय? कनेक्शन बदलण्याआधी बिघाड शोधा, मग लाइन निवडा

तक्रार साधारण अशी असते. सकाळी नेट बरं चालतं. मग ऐन कामाच्या वेळी व्हिडिओ कॉल अडकतो, बिलिंगचं सॉफ्टवेअर नुसतं फिरत राहतं, कुणाची तरी फाइल अर्ध्यावर तुटते. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच. कंपनीचा माणूस येतो, लॅपटॉप लावून स्पीड टेस्ट करतो, आकडा पूर्ण भरतो आणि तक्रार बंद होते. शेवटी वैतागून दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला जातो किंवा कंपनीच बदलली जाते, आणि काही आठवड्यांत ये रे माझ्या मागल्या.

लहान-मध्यम ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. या तक्रारीत वेग हा प्रश्न फार कमी वेळा असतो. बिघाड भिंतीच्या आत आहे की बाहेर, हेच कुणी पाहिलेलं नसतं. आत असेल तर दहा कंपन्या बदलल्या तरी तो तिथेच राहणार. बाहेर असेल तर तो दुरुस्त होण्यासारखा आहे, की ती लाइनच तुमच्या कामाची नाही, हे ठरवावं लागतं. तेवढं कळल्यावर नवीन कनेक्शन निवडणं सोपं होतं, कारण काय मागायचं ते तुम्हाला माहीत असतं.

आधी नोंद

‘नेट गेलं होतं’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. एक साधी वही किंवा शीट ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटं, एकाचं की सगळ्यांचं, वाय-फायवर की केबलवर, त्या वेळी कोण काय करत होतं, आणि भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर (ओएनटी म्हणतात तो) कोणते दिवे कसे होते. दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तमच, कारण तक्रार नोंदवेपर्यंत लाल दिवा हिरवा झालेला असतो.

आठवडाभराच्या नोंदींत बहुतेक वेळा काहीतरी दिसायला लागतं. रोज संध्याकाळच्या ठराविक तासांत सगळं मंद होत असेल तर सामायिक लाइनवर गर्दी होतेय. ठराविक अंतराने, घड्याळ लावल्यासारखं तुटत असेल तर बहुधा लॉगिनचं सत्र किंवा आयपी पत्त्याची मुदत संपून नवी घेताना अडकतेय. पावसात किंवा उन्हं चढल्यावर जात असेल तर बाहेरचा एखादा जोड. एकाच टेबलावरच्या माणसाची रोजची तक्रार असेल तर त्याचा संगणक, त्याची केबल किंवा त्या कोपऱ्यातलं वाय-फाय. आणि नेटबरोबर आतला प्रिंटरही सापडेनासा होत असेल, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. प्रिंटरचा बाहेरच्या लाइनशी काही संबंध नसतो. अशा वेळी मी आधी स्विच, म्हणजे ऑफिसातल्या केबल एकत्र जोडणारा डबा, बघतो. एखादी केबल चुकून एकाच स्विचच्या दोन पोर्टांत गेलेली असते आणि आतल्या आत गोंधळाची वावटळ फिरत असते.

नोंद चालू असतानाच एक संगणक लॅन केबलने राउटरला जोडा, वाय-फायवर नाही. त्यावर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडून तीन पत्त्यांना सतत पिंग लावून ठेवा (पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं). पहिला पत्ता तुमच्या राउटरचा. तो बहुतेक ठिकाणी १९२.१६८ ने सुरू होतो. दुसरा कंपनीच्या बाजूच्या पहिल्या टप्प्याचा. विंडोजमध्ये ‘ट्रेसर्ट’ (बाहेरच्या पत्त्यापर्यंतचे टप्पे दाखवणारी आज्ञा) चालवलं की राउटरच्या खालच्या ओळीत तो दिसतो. तिसरा बाहेरचा, कायम जागा असणारा: १.१.१.१ किंवा ८.८.८.८. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक वापरा.) विंडोजचं पिंग चार उत्तरांनंतर थांबतं, आज्ञेच्या पुढे उणेचं चिन्ह आणि ‘टी’ हे अक्षर जोडलं की तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहतं. निकाल फाइलमध्ये साठवून घ्या.

आता पुढच्या वेळी तक्रार आली की तिन्ही खिडक्या शेजारी ठेवून वाचा. राउटरचंच उत्तर उशिरा येतंय किंवा गळतंय? बिघाड तुमच्या भिंतीच्या आत. राउटर चोख, पण दुसरा पत्ता गळतोय? तुमच्या डब्यापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतची लाइन. पहिले दोन चोख आणि फक्त तिसरा गळतोय? कंपनीचं पुढचं जाळं. तिन्ही चोख असताना लोक ओरडत असतील तर वाय-फाय, नावाचा पत्ता शोधणारा डीएनएस, किंवा ज्या सेवेवर काम चाललंय ती सेवाच.

एक सावधगिरी. ‘ट्रेसर्ट’ किंवा ‘एमटीआर’ या तशाच साधनात मधल्या एखाद्या टप्प्यावर ४०-५० टक्के पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) गळताना दिसतात आणि लोक तोच पुरावा म्हणून कंपनीला पाठवतात. बरेच मोठे राउटर पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम समजतात आणि हात मोकळा असेल तेव्हाच देतात. गळती त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकत असेल तरच ती खरी. शेवटचा टप्पा शून्य दाखवत असेल तर मधला आकडा सोडून द्या, नाहीतर समोरचा अभियंता तुमची पुढची सगळी तक्रार त्याच तराजूत तोलतो.

आकडा कायम ९४ वर अडकलाय?

हे इतक्या वेळा दिसतं की वेगळं सांगायलाच हवं. एका ऑफिसने ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला होता. वेग मिळत नाही म्हणून ५०० चा घेतला. स्पीड टेस्ट दोन्ही वेळा ९४. कंपनीशी भांडण विकोपाला गेलं होतं.

९३ ते ९५ च्या दरम्यान न हलणारा आकडा दिसला की मी आधी केबल हातात घेतो. लॅन केबलमध्ये वायरींच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात, नेहमीच्या जोडणीत केशरी आणि हिरवी. एक गिगाबिटला मात्र चारही लागतात. त्या ऑफिसात ओएनटीपासून राउटरपर्यंत जाणारी जेमतेम मीटरभराची पॅच कॉर्ड होती. तिचा कनेक्टर उजेडात धरून बघितला तर तपकिरी वायर आठव्या पिनपर्यंत पोचलीच नव्हती, पिनच्या अलीकडेच संपली होती. दोन्ही टोकांच्या यंत्रांनी गिगाबिट जमेना म्हणून गुपचूप १०० वर तडजोड केली होती, आणि १०० मधून पॅकेटांवरच्या वेष्टणांचा खर्च वजा जाता ९४ च्या आसपासच हातात उरतात. नवी कॉर्ड लावल्यावर आकडा त्याच मिनिटाला चढला.

तपासायला काही कौशल्य लागत नाही. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो. १०००च्या जागी १०० दिसला की केबल, पोर्ट किंवा मधला जुना स्विच संशयित. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरच्या पोर्टाचा वेगही बघा, कारण दोष बहुतेक वेळा तिथेच लपलेला असतो. केबलची एकूण लांबी १०० मीटरच्या आत हवी, हेही ध्यानात असू द्या.

याच वर्गातला आणखी एक बिघाड. वाय-फाय पोचत नाही म्हणून कुणीतरी एक जुना राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला लावतं. तो राउटरही पत्ते वाटायला लागतो. मग ज्यांना त्याचा पत्ता मिळतो त्यांचं नेट बंद, बाकीच्यांचं चालू, आणि संगणक पुन्हा सुरू केला की कधी बरोबर, कधी चूक. नेट बंद पडलेल्या संगणकावर गेटवेचा, म्हणजे तो ज्या राउटरमार्फत बाहेर जातो त्याचा, पत्ता बघा. तो तुमच्या राउटरचा नसेल तर पाहुणा शोधा.

वाय-फायबद्दल थोडक्यात

वाय-फायचा दोष लाइनवर ढकलला जातो, हा रोजचा अन्याय. केबलवरचा संगणक चोख चालत असेल तर विषय तिथेच मिटला. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल व्यवहारात तीनच, १, ६ आणि ११. गजबजलेल्या इमारतीत त्यांचा भरवसा धरू नका, कामाची यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर न्या. पण ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलांवर रडारला पहिला मान असतो. रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणाऱ्या डब्याला) ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर साधारण मिनिटभर आधी नुसतं ऐकत बसावं लागतं. विमानतळ किंवा हवामान केंद्राजवळच्या ऑफिसात अधूनमधून मिनिटभर सगळंच वाय-फाय गायब होत असेल तर हे कारण आधी तपासा. आणि जे यंत्र जागचं हलत नाही, टेबलावरचा संगणक, प्रिंटर, फोन, त्याला केबलच द्या. यावर माझ्याकडे दुसरं मत नाही.

स्पीड टेस्ट उत्तम, तरी कॉल तुटतो

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक ऑफिसांचा खरा आजार हाच असतो, आणि ‘वेग वाढवा’ हा सल्ला सगळ्यात जास्त इथेच वाया जातो.

एका हिशेबाच्या ऑफिसात रोज सकाळी अकराच्या सुमाराला सगळ्यांचे कॉल एकदम तुटायचे. पिंगची फाइल उघडली तर अकराच्या आधी बाहेरच्या पत्त्याची उत्तरं ११-१२ मिलिसेकंदांत येत होती. मग एकाएकी ९०, २८०, ६४०. वीसेक मिनिटं तशीच, आणि पुन्हा १२. पॅकेट फारशी गळत नव्हती, फक्त उशिरा पोचत होती. त्याच वेळी एका संगणकावरून आदल्या दिवसाचा बॅकअप क्लाउडवर चढत होता. खाली येण्याचा वेग २०० चा होता, पण वर जाण्याचा फक्त २० चा, आणि ते वीसच्या वीस बॅकअप खात होता.

मंदपणा कुठून येतो? मॉडेम आणि राउटरमध्ये पॅकेट थोडा वेळ थांबवून ठेवायला बफर असतो. स्मृती स्वस्त झाली तसे हे बफर मोठे होत गेले. वर जाणारी वाट भरली की पॅकेट टाकून देण्याऐवजी यंत्र ती रांगेत उभी करत राहतं. बॅकअपच्या हजारो पॅकेटांमागे तुमच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट उभं राहतं आणि अर्ध्या सेकंदाने पोचतं. मोठ्या फाइलला त्याचं काही वाटत नाही, संभाषणाचा मात्र सत्यानाश होतो. बोलण्यासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ ही शिफारस सांगते. या दुखण्याला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ नावाची रांग सांभाळण्याची पद्धत मांडली, आणि तिचंच पुढचं रूप, ‘एफक्यू-कोडेल’, २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालं. म्हणजे इलाज उपलब्ध आहे आणि तो बऱ्याच राउटरांत आहेही. बहुतेक ठिकाणी तो चालू केलेला नसतो, एवढंच.

तपासणी अशी. लाइन मोकळी असताना बाहेरच्या पत्त्याला पिंग लावा. मग एक मोठी फाइल क्लाउडवर चढवा आणि पिंगचे आकडे बघत बसा. १२ चे २५-३० झाले तर हरकत नाही. शंभरी ओलांडून वर जात राहिले तर हाच आजार. काही स्पीड टेस्ट भार असतानाची लेटन्सी (उत्तराला लागणारा उशीर) वेगळी दाखवतात. फास्ट डॉट कॉमवर ‘अधिक माहिती’ उघडली की ती दिसते. माझ्या दृष्टीने त्या पानावरचा तोच खरा कामाचा आकडा आहे, मोठ्या अक्षरांतला नव्हे.

दुरुस्तीसाठी राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाची सोय शोधा. प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा दोन्ही दिशांना भरा. अशाने रांग मॉडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते, आणि राउटर ती शहाणपणाने हलवतो. वेग थोडा कमी दिसेल, तो जाऊ द्या. हे काम राउटरच्या प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे स्वस्तातला राउटर शे-दोनशे एमबीपीएसच्या पुढे दमतो. मोठ्या वेगाच्या लाइनला त्या ताकदीचा राउटर लागतो. बॅकअप रात्री लावणं हा पूरक उपाय झाला. त्या ऑफिसात दोन्ही केलं आणि प्लॅन होता तोच ठेवला.

बिघाड खरंच बाहेर असेल तर

फायबर असेल तर ओएनटीच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते, डीबीएम या एककात, उणे चिन्ह लावून. जीपॉनच्या, म्हणजे साध्या सामायिक फायबरच्या, नेहमीच्या वर्गात यंत्राला उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यातला प्रकाश चालतो. उणे १८-२० असेल तर निर्धास्त राहा. उणे २६-२७ म्हणजे काठावर; आज चालतंय, उद्या एखादा जोड जरा हलला की लाल दिवा. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणून उणे २० चे उणे २६ होणं ही किरकोळ घसरण नव्हे, चौथाई प्रकाश उरल्याची खूण आहे. कारणं साधी असतात: वायर खिळ्याखाली किंवा कपाटामागे कोनात दुमडलेली, कनेक्टरच्या टोकावर धूळ, किंवा हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या टोकाच्या जोडणीत घातलेला. हिरव्याचं टोक तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. त्यांचं जमत नाही. तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ लिहिण्यापेक्षा ‘प्रकाशाची पातळी गेल्या महिन्यात उणे २० होती, आज उणे २६ आहे’ असं लिहा. आकडा दिला की कंपनीलाही जोडाचं साहित्य घेऊन माणूस पाठवणं सोपं जातं.

संध्याकाळची गर्दी हा दुसरा प्रकार. साध्या फायबर कनेक्शनमध्ये, म्हणजे जीपॉनमध्ये, एका धाग्यावर खाली २.४८८ आणि वर १.२४४ गिगाबिट क्षमता असते, आणि ती स्प्लिटरमधून (प्रकाश वाटून देणाऱ्या जोडातून) ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटलेली असते. ६४ जणांनी एकाच क्षणी ओढ लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला खाली ३९ च्या आसपास आणि वर १९ च्या आसपास एमबीपीएस येतील. सगळे एकदम ओढत नाहीत म्हणून ही पद्धत चालते, आणि बहुतेक दिवस छान चालते. पण तुमच्या पिंगमध्ये दुसरा किंवा तिसरा पत्ता रोज ठराविक वेळी चढत असेल, तुमच्याकडून काहीच भार नसताना, तर मोठा प्लॅन घेऊन काही होणार नाही. धागा तोच, वाटेकरी तेच.

तिसरा प्रकार गळतीचा, आणि हा फसवा आहे. एक टक्का पॅकेट गळणं ऐकायला किरकोळ वाटतं. पण टीसीपीच्या (पॅकेट नीट पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या) जुन्या गणिताने, जाऊन येण्याच्या ५० मिलिसेकंदांच्या फेरीत एक टक्का गळती असेल तर एका जोडणीला तीनेक एमबीपीएसच मिळतात, लाइन ३०० ची असली तरी. नवीन पद्धती यातून थोडा बरा मार्ग काढतात. स्पीड टेस्ट मात्र बऱ्याचदा अनेक जोडण्या एकदम उघडते आणि हा दोष झाकते. दुखणं स्पीड टेस्टमध्ये दिसत नाही आणि एकेका फाइलला मात्र जाणवतं, त्याचं कारण हे.

काही किरकोळ पण चक्रावून टाकणारी प्रकरणं झटपट सांगतो. आकड्यांच्या पत्त्याला पिंग जातं पण नावाने साइट उघडत नाही: डीएनएस बदलून बघा. काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, व्हीपीएन जोडलं जातं पण त्यातून काही सरकत नाही: पीपीपीओईच्या (राउटरमध्ये नाव-पासवर्ड भरून जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर पॅकेटचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, १५०० नसून १४९२ बाइट असतो, राउटरमध्ये तो तेवढा ठेवा. बाहेरून ऑफिसचे कॅमेरे किंवा सर्व्हर दिसत नाहीत आणि राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला आहे: कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेकांना वाटलाय, कितीही पोर्ट उघडलेत तरी फरक पडणार नाही, स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्या.

आता नवीन लाइन निवडायची असेल तर

इतकं तपासून झाल्यावरही लाइनच अपुरी ठरली, तर खरेदीला बसा, आणि वर जाणाऱ्या वेगापासून सुरुवात करा. जाहिरातीत खाली येणाऱ्या वेगाचा आकडा असतो. ऑफिसचं काम अडतं ते वर जाणाऱ्यावर. हिशेब मांडा. एचडी व्हिडिओ कॉलला वर साधारण दीड ते चार एमबीपीएस. एकाच वेळी दहा जण कॉलवर असतील तर तीसचा अंदाज धरा. क्लाउडवर जाणारा प्रत्येक कॅमेरा आणखी दोन-चार. इंटरनेटवरून चालणारे फोन त्या मानाने काहीच खात नाहीत, जी.७११ या आवाजाच्या नेहमीच्या पद्धतीवरच्या एका संभाषणाला वेष्टणांसकट ९० केबीपीएसच्या आत लागतात. बॅकअप वेगळा मोजा: ५० जीबी म्हणजे ४०० गिगाबिट, २० एमबीपीएसने चढवायचे तर साडेपाच तास. येईल त्या बेरजेवर तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. आणि बिट-बाइटचा गोंधळ टाळा: एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल उतरते ती सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने.

माध्यमाचा विचार त्यानंतर. फायबर मिळत असेल तर फायबर, इथे फार चर्चा नको. तांब्याच्या टेलिफोन वायरीवरची डीएसएल केंद्रापासूनच्या अंतराबरोबर मंदावते आणि वर जाताना कायम अशक्त असते. छतावरच्या रेडिओ लिंकला समोरासमोर मोकळी दृष्टी लागते, आणि ६० गिगाहर्ट्झसारख्या उच्च पट्ट्यावर जोराचा पाऊस तिला झोपवतो. ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहाची गोष्ट वेगळी: प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली, एवढ्या प्रवासालाच प्रकाशाच्या वेगाने पावणेपाचशे मिलिसेकंद जातात, मग लाइन कितीही रुंद असो. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांचं तसं नाही. जिथे वायर पोचतच नाही तिथे ते खरोखर उपयोगाचे आहेत.

सामायिक फायबर की स्वतंत्र लीज्ड लाइन, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ऑफिस बाहेरच्या सेवा वापरत असेल, तासभर नेट गेलं तर चिडचिड होते पण धंदा थांबत नसेल, तर एकाच महागड्या स्वतंत्र लाइनपेक्षा दोन वेगळ्या वाटांच्या सामायिक लाइन घ्या, असं माझं ठाम मत आहे. सर्व्हर तुमच्या जागेत असतील, ग्राहकांचे फोन दिवसभर नेटवरून येत असतील, किंवा वेग कोणत्याही क्षणी तोच मिळायला हवा असेल, तर स्वतंत्र लाइनला पर्याय नाही. तिच्यात पैसे वेगाचे कमी आणि दुरुस्तीच्या लेखी वचनाचे जास्त असतात.

त्या वचनाचा कागद शेवटपर्यंत वाचा. ९९ टक्के उपलब्धता भरघोस वाटते, पण वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त नेट बंद राहिलं तरी ते वचन मोडत नाही. ९९.९ टक्क्यांत पावणेनऊ तास, ९९.९९ टक्क्यांत बावन्न-त्रेपन्न मिनिटं. हा हिशेब महिन्याचा धरलाय की वर्षाचा, देखभालीसाठी बंद ठेवलेला वेळ त्यातून वगळलाय का, आणि वचन मोडल्यास भाड्यातला किती वाटा परत मिळतो, हे विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुटलेली लाइन किती तासांत जोडून मिळेल याचा आकडा, आणि तो कामाच्या वेळेतले तास मोजतो की घड्याळाचे. शुक्रवारी संध्याकाळी तुटलेली लाइन ‘कामाच्या आठ तासांत’ जोडून देणारी कंपनी सोमवारी संध्याकाळी येऊनही वचनाला जागलेली असते. विक्रीसाठी आलेल्या माणसाला हे विचारताना संकोचू नका. उत्तर तोंडी नको, करारात हवं. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या ऑफिसांना भेटून त्यांची लाइन गेल्या वेळी कधी गेली आणि किती वेळात आली हेही विचारून या; मोठ्या जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याचा अनुभव खरा, कारण जोड आणि पेटी तीच असते.

दुसरी लाइन

दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेऊनही दोन्ही एकाच वेळी गेली, असं घडतं, कारण दोघांच्या केबल एकाच नळीतून, एकाच खांबावरून आलेल्या असतात. रस्ता खणणारं यंत्र कंपनीचं नाव वाचत नाही. म्हणून वाट वेगळी मागा, आणि वाट वेगळी मिळत नसेल तर माध्यम वेगळं घ्या: एक फायबर, दुसरी मोबाइलच्या जाळ्यावरची.

राउटरमध्ये अदलाबदलीची सोय लावताना फक्त ‘वायर जोडलेली आहे का’ एवढंच तपासायला ठेवू नका. फायबर पुढे कुठेतरी तुटलं तरी ओएनटी आणि राउटरमधली वायर जोडलेलीच असते, आणि राउटर समजतो की सगळं ठीक आहे. तपासणी बाहेरच्या दोन वेगळ्या पत्त्यांना पिंग करून व्हायला हवी, आणि दोन्ही सलग काही वेळा गप्प राहिले तरच लाइन बदलायला हवी. एकाच पत्त्यावर विसंबलात तर तो पत्ता झोपल्यावर तुमची चांगली लाइन विनाकारण सोडली जाईल. लाइन बदलली की बाहेरचा पत्ता बदलतो, त्यामुळे चालू कॉल आणि व्हीपीएन एकदा तुटून पुन्हा जोडले जातात, हे ऑफिसातल्यांना आधी सांगून ठेवा.

ओएनटी, राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट या चौघांनाही यूपीएसवर घ्या. राउटर यूपीएसवर आणि ओएनटी भिंतीच्या साध्या सॉकेटवर ही जोडी मला वारंवार दिसते, आणि वीज गेल्यावर लोक बॅटरीवर चालणाऱ्या राउटरसमोर बसून नेटची वाट बघत असतात.

सगळं लावून झालं की कामाच्या दिवशी, लोकांना सांगून, मुख्य लाइनचा फायबर ओएनटीमधून काढा. राउटरची वायर नको, फायबरच. काढलेल्या टोकावर लगेच धुळीची टोपी लावा आणि त्या टोकाकडे डोळा लावून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण असतो. दुसरी लाइन किती सेकंदांत उभी राहते ते घड्याळावर मोजा, कॉल, बिलिंग आणि फोन एकेक करून तपासा, मग फायबर परत लावून मुख्य लाइनवर आपोआप येतंय का ते बघा. येत नसेल तर राउटरची सेटिंग अजून पूर्ण झालेली नाही. त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि जुनं कनेक्शन बंद करण्याचा अर्ज ही चाचणी पार पडल्यावरच द्या.